मध्यरात्रीचे सोनेगाव

मराठीत विमानांच्या इतिहासाबद्दल जे लिहिले जाते त्याची सुरुवात बहुधा जुहूपासून होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून एक लहानसे पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणले. त्यात २५ किलो टपाल होते. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा पल्ला पुरा केला. मग टाटा एअरलाइन्स, मग एअर-इंडिया, मग झुबकेदार मिशांचा महाराजा. ही गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे. परंतु ती समुद्रकाठची गोष्ट आहे. वऱ्हाडातल्या, विदर्भातल्या माणसाला विमान भेटले ते वेगळ्या वाटेने, आणि त्या वाटेवर तिकीट काढावे लागत नव्हते. दोन-चार पैशांचे पोस्टकार्ड पुरत होते.

३० जानेवारी १९४९ या दिवशी देशात रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते, वार रविवार होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल व्हायची आणि जे विमान जिथून आले तिकडेच परत निघायचे. पहाटे चारही शहरांत बाकीच्या तिन्ही शहरांचे टपाल हजर. हा क्रम ऑक्टोबर १९७३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे चालला. नागपुरात झिरो माइलचा दगड दाखवायला लोक पाहुण्यांना हौसेने नेतात. देशाच्या मधोमध असण्याचा प्रत्यक्ष उपयोग रोज रात्री जिथे होत होता ते सोनेगाव मात्र कोणी दाखवत नाही.

या योजनेतली हुशारी कागद-पेन्सिल घेऊन पाहिली म्हणजे कळते. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग होतात आणि प्रत्येक मार्गावर जाणारे एक व येणारे एक अशी रात्रीची बारा उड्डाणे. त्यांतली काही फार लांब पल्ल्याची, जसे दिल्ली-मद्रास. त्या काळच्या विमानाला तेवढ्यात वाटेत कुठे तरी उतरून तेल भरावेच लागणार. त्याऐवजी मधे एक गाव धरले की चार विमानांत काम भागते. नागपूरपासून मुंबई हवेतून सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९८० च्या आसपास. डाकोटा विमान ताशी २५० ते २७० किलोमीटरने जात असे. म्हणजे मुंबईकराला पावणेतीन तास आणि कलकत्तेकराला जवळजवळ चार. चारही अंतरे एका रात्रीच्या जाण्यायेण्यात बसतात. नकाशावर दुसरे कोणतेही मोठे गाव घेऊन हा हिशेब करून पाहावा. हैदराबाद दिल्लीला लांब पडते, भोपाळ मद्रासला. नागपूरच बसते.

नागपूरला धावपट्टी आधीपासून होती हेही महत्त्वाचे. सोनेगावचा विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीचा, १९१७-१८ चा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने तो वापरला, सुधारला आणि युद्ध संपल्यावर तो हिंदुस्थान सरकारकडे आला. विमानेही युद्धातलीच उरलेली. डाकोटा म्हणजे डग्लस कंपनीचे डीसी-३. त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चे. युद्धात सैन्यासाठी ती हजारोंनी बनली आणि युद्ध संपताच ढिगाने विक्रीला निघाली. अशी विमाने घेऊन आपल्याकडे एकामागून एक कंपन्या उभ्या राहिल्या. सरकारने गरजेपेक्षा जास्त परवाने दिले, असा निष्कर्ष पुढे १९५० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या चौकशी समितीने काढला.

ही योजना रेटून नेली ती दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी. उत्तर प्रदेशातल्या राजकारणात मुरलेला हा मोठा खटपट्या माणूस. टाटांचा या बेताला विरोध होता. रात्री उतरण्यासाठी लागणारे दिवे, रेडिओची साधने, रात्रीच्या उड्डाणाचा सराव असलेले वैमानिक यांतले काहीच पुरेसे नसताना रोज रात्री चार विमाने उडवणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे. किडवईंनी ते मानले नाही. दोघांत जाहीर खटके उडाले. काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या कंपनीकडे गेले. ती काही महिन्यांतच बसली, सेवा खंडित झाली आणि १९४९ च्या उत्तरार्धात हिमालयन एव्हिएशन या नव्या कंपनीने ती पुन्हा उभी केली. १९५३ साली सगळ्याच कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. १ ऑगस्टला आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्याकडे ९९ विमाने होती आणि त्यांतली ७४ डाकोटा होती.

या वादात बरोबर कोण होते? टाटांच्या बाजूने लिहिणारे किडवईंना हट्टी मंत्री ठरवतात. मला दोघांचेही पटते, आणि हे मी गुळमुळीतपणे म्हणत नाही. टाटा विमानाकडे वैमानिकाच्या नजरेने पाहत होते. किडवई पाहत होते ते टपालपेटीच्या बाजूने. नुकतीच फाळणी झालेली, रेल्वेचे डबे आणि इंजिने तुटपुंजी, मद्रासचे पत्र दिल्लीला पोहोचायला दिवसांमागून दिवस. मध्यरात्री सोनेगावला चार विमाने येऊन गेली की देशाची चार टोके एका रात्रीत बांधली जातात, हे त्यांना दिसले होते. यातून टाटांनी सांगितलेला धोका खोटा ठरत नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून किडवईंच्याच खात्याने दुसरा निर्णय अमलात आणला, आणि माझ्या मते खरी क्रांती ती. तोवर हवाई टपालाला जादा पैसे पडत. आता देशांतर्गत पत्रे, पोस्टकार्डे आणि मनिऑर्डरी, जिथे विमानाने वेळ वाचतो तिथे, कोणताही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागल्या. पत्र लिहिणाऱ्याने 'हवाई मार्गे' असे लिहायचीसुद्धा गरज नाही. जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल आपल्याच देशात, १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेहून नैनीला, आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने नेले. पत्रे साडेसहा हजार आणि अंतर दहाएक किलोमीटर. पण ती प्रदर्शनातली गंमत होती आणि पत्रे पाठवणारेही हौशी लोक होते. १९४९ साली मात्र पोस्टकार्ड खरडणारा कोणीही, त्याला ठाऊक असो वा नसो, विमानाचे गिऱ्हाईक झाला.

*

आता थोडे त्या रात्रीबद्दल.

काही वर्षांपूर्वी नागपुरात मला रेल्वे टपाल सेवेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे गेलेले, स्मरण टवटवीत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. त्यांनी उमेदीच्या काळात सोनेगावच्या रात्रपाळ्या केल्या होत्या. मी त्यांना वैमानिकांबद्दल विचारत होतो, ते मला थैल्यांबद्दल सांगत होते. "इमान उतरलं का आमाले थैले मोजाचे रायत. बाकी आम्ही काही पायलं नाही," म्हणाले. मुंबईच्या विमानातून तीन शहरांच्या वेगवेगळ्या थैल्या आणि नागपूर भागाच्या निराळ्या. प्रत्येक विमानाचे तसेच. सीलबंद थैली उघडायची नाही, नुसती या विमानातून त्या विमानात चढवायची. उघडायची ती फक्त आपली. चार विमाने, प्रत्येकाच्या थैल्या उरलेल्या तिघांत वाटायच्या. एक थैली चुकली की कलकत्त्याचा माणूस मद्रासला पोहोचला म्हणून समजा. कंदील, हातगाड्या, यादीवर सह्या. पावसाळ्यात सगळे भिजत भिजत.

त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसून राहिली. "पाऊस असला का कलकत्त्याचं इमान लेट. अन् ते आल्याबिगर बाकीचे तिघं हालत नवते." या व्यवस्थेचे बळ आणि दुखणे या एका वाक्यात आले. सगळे एका जागी आणायचे म्हटले की सर्वांत मागे राहिलेल्याची वाट सर्वांना पाहावी लागते. बंगालच्या आकाशात ढग दाटले की मुंबईच्या फोर्टमधल्या व्यापाऱ्याचे टपाल लांबायचे.

उतारूही असायचे. रात्रीच्या या विमानांचे भाडे दिवसाच्या मानाने कमी, त्यामुळे फिरते विक्रेते, कारकून, बदलीवर निघालेले नोकरदार असे लोक त्यांत दिसत. मुंबईहून दिल्लीला निघालेला माणूस सोनेगावला उतरायचा, तास-दोन तास ताटकळायचा आणि दुसऱ्या विमानात चढायचा. १९५३ साली विमानतळावर नवी इमारत झाली. तीत उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचे दुकान आणि विमाने पाहायला येणाऱ्यांसाठी गॅलरीसुद्धा होती. अर्ध्या रात्री चार दिशांची माणसे एका उपाहारगृहात चहा पिताहेत, मद्रासकडचा एक आणि पंजाबी एक समोरासमोर, हे दृश्य त्या काळी देशात दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही. रेल्वेच्या इटारसीसारख्या जंक्शनवर गर्दी मोठी, पण तिथे सगळे एकाच घटकेला येत नाहीत.

डाकोटात बसलेल्यांकडून ऐकलेल्या गोष्टी जवळपास एकसारख्या असतात, म्हणूनच त्या खऱ्या मानायला हरकत नाही. विमान जमिनीवर शेपूट टेकून उभे असते, त्यामुळे दारातून आत शिरले की जागेपर्यंत चढ चढावा लागतो. आसने एकवीसच्या आसपास. इंजिन सुरू होताना आधी खोकते, धूर सोडते आणि मग लागते. प्रॅट अँड व्हिटनीची दोन इंजिने, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची. त्यांची घरघर उतरल्यावरही कितीतरी वेळ कानात राहते. आतल्या हवेचा दाब राखण्याची सोय नाही, त्यामुळे फार उंच जाता येत नाही आणि उन्हाळ्यात विदर्भावरून दिवसा जाणे म्हणजे खडकाळ रस्त्यावरची बैलगाडी. रात्री जमीन निवली की हवा शांत होते. त्या अर्थी रात्रीचे टपाल-विमान हेच डाकोटातल्या सुखाचे प्रवासाचे साधन म्हणायचे. उडताना चघळायला गोळ्या द्यायच्या आणि कानात घालायला कापसाचे बोळे. आमच्या भागाचा कापूस विमानात एवढ्याच कामाला गेला असेल, असे म्हणून आम्ही हसतो.

*

आर्णीशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. मीही स्वतःला विचारले. अशा वेळी आपल्या गावावरून विमाने जात असत असे ठोकून द्यायचा मोह होतो. पट्टी घेऊन नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती आर्णीच्या उत्तरेला सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून जाते, यवतमाळच्याही वरून. हैदराबादकडची रेघ पूर्वेला राहते. म्हणजे रात्रीच्या त्या विमानांचा आवाज अरुणावतीच्या काठी कोणी ऐकला असण्याचा संभव कमीच. काही वडीलधारी माणसे आम्ही ऐकला असे ठामपणे सांगतात. त्यांचा मी मान ठेवतो, पण पट्टीचाही ठेवतो.

संबंध आहे तो पत्रांचा. आर्णीला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. यवतमाळला मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला, तीही अरुंद रुळांची आणि तिच्या मर्जीने चालणारी. नागपूरचे टपाल आमच्याकडे यायचे ते मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या धामणगावहून. तिथून यवतमाळ पन्नासेक किलोमीटर, यवतमाळहून आर्णी आणखी चाळीस. म्हणजे कलकत्त्याहून नागपूरपर्यंतचे हजार किलोमीटर चार तासांत आणि नागपूरहून आर्णीपर्यंतचे दीड-दोनशे किलोमीटर रेल्वे, मोटार आणि पोस्टमनचे पाय मिळून एका दिवसात. विमानाने वाचवलेला वेळ रस्ता खाऊन टाकतो ही तक्रार जुनीच आहे. तरीसुद्धा काही तरी उरत होते.

माझ्या आजोबांची एक पत्र्याची पेटी घरात आहे. तीत शेतसाऱ्याच्या पावत्या, एक पंचांग आणि सुतळीने बांधलेली पोस्टकार्डे. आजोबांचा एक मेहुणा रेल्वेच्या नोकरीत बंगालकडे होता. त्याची कार्डे पन्नास-साठच्या दशकांतली. मजकूर तोच : इकडे सर्व क्षेम, तिकडची खुशाली कळवणे, पाऊसपाणी कसे, कपाशीला काय भाव निघाला, मुलीच्या स्थळाचे काय झाले. मी वर्षानुवर्षे मजकूरच वाचत होतो. पुढे शिक्के वाचायला शिकलो. पोस्टकार्डावर निघालेल्या गावाचा शिक्का असतो आणि पुष्कळदा पोहोचलेल्या गावाचाही. एका कार्डावर कलकत्त्याचा आणि आर्णीचा, या दोन शिक्क्यांच्या तारखांत दोनच दिवसांचे अंतर निघाले. कार्ड आहे आजारपणाचे. आजोबांची बहीण तिकडे बाळंतपणात अडली होती आणि "वहिनीला पाठवता आले तर पाठवा" एवढीच ओळ आहे. तार केली असती, पण तारेला पैसे पडतात आणि दारात तार आली की घरात आधी रडारड होते. कार्ड दोन दिवसांत आले म्हणून आजी निघू शकली. आजीने जन्मात विमान जवळून पाहिले नाही. विमानामुळे आपण वेळेवर पोहोचलो हेही तिला कोणी सांगितले नसेल.

विमानाचा इतिहास कोणाचा, या प्रश्नाचे माझे उत्तर या कार्डात आहे. एकवीस आसनांवर बसलेल्यांचा तर तो आहेच. पण त्या आसनांमागे रचलेल्या थैल्यांत ज्यांचे क्षेमकुशल होते त्यांचाही आहे, आणि ते संख्येने कितीतरी जास्त होते.

*

१२ डिसेंबर १९५३ ची रात्र. मद्रासचे विमान, व्हीटी-सीएचएफ या नोंदणीचे डाकोटा, सोनेगावहून निघाले आणि उड्डाणानंतर लगेचच कोसळले. एका इंजिनाची शक्ती गेली होती. दहा उतारू आणि तीन कर्मचारी असे तेरा जण गेले. वाचला तो एकटा मुख्य वैमानिक. इंडियन एअरलाइन्स होऊन तेव्हा साडेचार महिनेही झाले नव्हते. या अपघातावरून टाटांचे भाकीत खरे ठरले असे लिहिलेले मी वाचले आहे. माझ्या मते ते बरोबर नाही. टाटांचा आक्षेप दिवे, रेडिओ आणि सराव यांबद्दल होता. उड्डाण करतानाच इंजिन दगा देणे हा डाकोटाला भरदिवसाही होणारा अपघात होता. मात्र अंधारात, खाली उतरायला मोकळे रान कुठे आहे हे दिसत नसताना, वैमानिकाच्या हाती काय उरत असेल हे सांगायला नको. त्या तेरा जणांसाठी सोनेगावात एखादी पाटी असावी असे मला वाटते.

सोनेगावची दुसरी एक रात्र विदर्भ विसरलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपूरला आले होते. दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्याच रात्री त्यांचा देह विमानाने मुंबईला नेण्यात आला. वाटेत विमान नागपूरला थांबले. थंडीच्या त्या रात्री अंत्यदर्शनासाठी लोक सोनेगावला जमले होते. आमच्या तालुक्यातूनही माणसे निघाली होती असे सांगतात. यवतमाळहून नागपूरपर्यंत तेव्हाची वाहने पाहता किती जण वेळेत पोहोचले असतील कोण जाणे. त्या विमानतळाला आज बाबासाहेबांचे नाव आहे. रात्रीची वर्दळ, रात्रीचे दिवे, रात्री जागे असणारे कर्मचारी हे सगळे सोनेगावला त्या काळी रोजचेच होते.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी राहिले नाही. सचिवालय गेले, पुष्कळ कचेऱ्या गेल्या. मध्यरात्रीची विमाने तेवढी येत राहिली.

*

डाकोटाची जागा पुढे टपालाच्या कामी चार इंजिनांच्या मोठ्या विमानांनी घेतली. इंडियन एअरलाइन्समध्ये १९५७ साली व्हायकाउंट आले, १९६१ साली फोकर फ्रेंडशिप, १९६४ साली कॅरावेल हे पहिले जेट आणि १९६७ साली कानपूरला बांधलेले अ‍ॅव्रो. मी सोनेगावची गॅलरी पाहिली ती सत्तरीच्या दशकाच्या शेवटी, मामाचे बोट धरून. रात्रीचे टपाल तोवर बंद पडले होते. मामा नागपुरात नोकरीला होता आणि दिवाळीच्या सुटीत आम्हा भाच्यांना दोनच ठिकाणी न्यायचा, महाराजबाग आणि विमानतळ. विमानतळावर चहा-बिस्किटाशिवाय खर्च नव्हता आणि वाघ झोपलेला असायचा तसे विमान झोपलेले नसायचे.

फोकर आणि अ‍ॅव्रो ओळखायची खूण मामाने शिकवली. फोकरचे पंख वर, छपरासारखे, म्हणून खिडकीत बसणाऱ्याला खालची जमीन मोकळी दिसते. अ‍ॅव्रोचे पंख खाली. आवाज मात्र दोघांचा सारखाच, शिट्टीसारखा बारीक आणि टोचणारा, कारण दोघांनाही रोल्स-रॉइसचे डार्ट हेच इंजिन. व्हायकाउंटलाही तेच होते, हे मला फार नंतर वाचनातून कळले. विमान यायच्या आधी शिट्टी येते, मग एक ठिपका दिसतो, मग त्या ठिपक्याला पंख फुटतात. बोइंग ७३७ आले की गॅलरीतले सगळे कान झाकत आणि हसत. याच फोकरवर १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला कर्मचारी असलेले देशातले पहिले प्रवासी उड्डाण कलकत्त्याहून सिलचरला नेले. ही बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती गॅलरीतली शिट्टी.

मी स्वतः विमानात बसलो तो तिशीच्या उंबरठ्यावर, नागपूर-मुंबई, वडिलांच्या उपचारासाठी. विमान बोइंग ७३७, जुन्या लांबुळक्या इंजिनांचे. वडील खिडकीशी होते. वर्धा नदी त्यांनी बरोबर ओळखली आणि तिच्यापलीकडची काळी रानेही. मग मला म्हणाले, "आपलं इकडे दिसत नाही ना?" मी म्हणालो, "नाही, ते डावीकडे, लांब आहे." आम्ही उजवीकडे बसलो होतो. पाहुणचार म्हणून मिळालेली गोळी त्यांनी खिशात ठेवली, नातीसाठी.

*

ऑक्टोबर १९७३ मध्ये रात्रीचे हवाई टपाल बंद झाले. त्याच महिन्यात अरब-इस्रायल युद्धामुळे जगभर तेलाचे संकट उभे राहिले. शिवाय जेट विमानांमुळे शहराशहरांत दिवसाच थेट उड्डाणे होऊ लागली होती आणि मध्ये नागपूर गाठण्याची निकड कमी झाली होती. माझ्या समजुतीप्रमाणे जेट आले नसते तरी तेलाने ही व्यवस्था तोडली असती, आणि तेल स्वस्त राहिले असते तरी जेटने.

गंमत अशी की त्याच वर्षी १७ एप्रिलला अमेरिकेत मेंफिस या गावी फ्रेड स्मिथ नावाच्या तरुणाने फेडरल एक्स्प्रेस सुरू केली होती. चौदा लहान जेट विमाने, पंचवीस शहरे, पहिल्या रात्री १८६ पार्सले. सगळी विमाने मध्यरात्री मेंफिसला जमायची, अदलाबदल व्हायची आणि पहाटे परत. म्हणजे सोनेगावचेच गणित. अलीकडे मोबाइलवर अभिमानाचे संदेश फिरतात की अमेरिकेने ही युक्ती नागपूरकडून चोरली. असे म्हणायला आधार नाही. स्मिथने विमाने एका जागी आणण्याची तुलना बँकांच्या धनादेश वटवण्याच्या पद्धतीशी केली होती. परंतु ही कल्पना आपण पहिल्यांदा काढलेली नाही, भारताच्या आणि फ्रान्सच्या टपाल खात्यांनी असे आधी केले होते, हेही त्याने एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे. तेवढे पुरे आहे. चोरीचा आरोप करून मिळणारा मोठेपणा आपल्याला नको. चोवीस वर्षे आधी, युद्धातली जुनी विमाने घेऊन, साध्या पोस्टकार्डाच्या दरात हे काम आपण केले होते, ही नोंद मराठी पाठ्यपुस्तकात यावी एवढीच माझी इच्छा.

सोनेगावला जुन्या विमानांचा एक अवशेष मात्र पुष्कळ वर्षे होता, तोही भलत्याच घराण्यातला. १९९१ साली एका खासगी कंपनीचे बोइंग ७२० तिथे उतरले आणि पुन्हा उडालेच नाही. बोइंग ७२० हा ७०७ चा धाकटा भाऊ, जगात एकूण १५४ बनले. चार इंजिनांचे हे जेट उन्हापावसात चोवीस वर्षे धावपट्टीजवळ उभे राहिले आणि २०१५ मध्ये ते ओढून फ्लाइंग क्लबच्या बाजूला नेण्यात आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते खिडकीतून दिसायचे. लोक त्याला भंगार म्हणत, मी प्रत्येक खेपेला त्याची शेपटी शोधायचो. टपालाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. पण त्या तळावर जुनी विमाने खरोखर येत होती, हे सांगायला दुसरे काही उरले नव्हते.

आता जे उरले आहे ते घराघरांत आहे. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, पेटीत, देवघराच्या कोनाड्यात १९४९ ते १९७३ या काळातली पत्रे असतील तर मजकुराआधी शिक्के पाहावेत. निघालेल्या गावाच्या शिक्क्यात तारीख मधोमध असते आणि पुष्कळदा वेळेचाही उल्लेख असतो. पोहोचलेल्या गावाचा शिक्का पोस्टकार्डावर बहुधा पत्त्याच्या बाजूला आणि लिफाफ्यावर मागे असतो. शाई उडाली असेल तर कार्ड तिरपे धरून खिडकीच्या उजेडात पाहावे, अक्षरांचा दाब दिसतो. दोन्ही तारखा आणि दोन्ही गावे एका वहीत लिहून ठेवावीत. मी आमच्या पेटीतल्या ४१ कार्डांचे असे केले आहे. त्यांतली सात कलकत्त्याची आहेत आणि एक मद्रासचे. मद्रासच्या कार्डावर पाणी सांडले आहे, पण आर्णीचा शिक्का वाचता येतो.